गोड्या पाण्यात पाय

कौशल्याताई दुसऱ्या मजल्यावर, मी पहिल्यावर, आणि अकोल्यातल्या आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. सगळं अडलं ते त्या जिन्यापाशी, म्हणून आधीच सांगून टाकते.

ताई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा विपुल पुण्याला. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा ऑपरेशनचं निघालं, पण ताईंचं हृदय नाजूक, त्यामुळे डॉक्टरांनी हात वर केले. वजन उतरवा, पोहायला शिका, पाण्यात गुडघ्यांवर भार येत नाही, म्हणाले. त्याच सुमारास एका दुपारी ताई जिन्यातच अडकल्या. वर जाता येईना, खाली उतरता येईना. मी बाजारातून आले तर बाई पायरीवर बसून मांडीवर पालक निवडतायत, जसं काही ते स्वयंपाकघरच आहे. ते विपुलच्या कानावर गेलं.

तो म्हणाला, "आई, मी जूनमध्ये येतो. दोन मजले न थांबता चढून दाखव, एक शब्द बोलणार नाही. नाहीतर हे घर बंद करायचं आणि माझ्याकडे यायचं."

पोरगं वाईट नाही. घाबरलं होतं. पण ताईंना हे घर सोडायचं नव्हतं, आणि त्या जायला मला तर मुळीच नको होत्या. सकाळचा चहा मी कित्येक वर्षं त्यांच्याकडे पितेय. सख्ख्या बहिणीशी माझं कधी इतकं जमलं नाही.

गावाबाहेरच्या एका खासगी पोहण्याच्या तलावावर सकाळी बायकांची बॅच असते. शिकवायला प्रियदर्शनी म्हणून एक मुलगी. तिनं ताईंना पाहिलं आणि धावत येऊन पायाच पडली. ताईंच्याच शाळेत शिकलेली निघाली. मला वाटलं, चला, काम झालं.

कसलं काम! पायघोळ पोहायचा पोशाख आणि रबरी टोपी घालून ताई काठाशी आल्या, वाकून ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं आणि तिथेच उभ्या राहिल्या. पाय काही आत जाईना.

"बाई, उतरा ना. कमरेइतकंच हाये," प्रियदर्शनी म्हणाली.

"गोडं पानी हाये ना वं हे," ताई म्हणाल्या. "पाय कसा घालू?"

ताई खारपाणपट्ट्यातल्या. तिकडच्या विहिरींचं पाणी तोंडात धरवत नाही इतकं खारट. त्यांच्या गावाला पिण्यासाठी पावसाचं साठवलेलं एकच तळं होतं. तिथे चपला लांब काढायच्या, पाणी काठावरून भरायचं, आणि पाय बुडवला तर कुणाचंही पोर असो, कुणाचाही हात उठायचा. अख्ख्या गावात पोहता येणारं माणूस नाही. पुढे ताई तिथेच शिक्षिका झाल्या आणि पाण्यात पाय घालायचा नाही, हे त्यांनी पोरांकडून रोज प्रार्थनेनंतर म्हणवून घेतलं. प्रियदर्शनीही त्याच रांगेत उभी राहून ते म्हणायची.

"तुमीच तं शिकवलं होतं बाई," ती हसत म्हणाली. "मले अमरावतीच्या होस्टेलात पोहणं शिकताना किती रडू आलं होतं, मालूम हाये का?"

शेवटी तिनं हात धरून उतरवलं. उतरल्यावर दुसरं संकट. नाकातोंडात पाणी जायचं आणि ताई ते गिळून टाकायच्या.

"थुंका बाई, बाहेर थुंका! औषध असते त्याच्यात!"

"पान्यात थुंकू? काही लाजशरम?"

पोट बिघडलं, चार दिवस मुगाची खिचडी झाली, पुन्हा गेल्या. पाय मारायला सांगितलं की असा हळू हलवायच्या की थेंब उडायला नको. शेजारी बायका धबाधबा पाणी उडवायच्या आणि ताई त्यांच्याकडे वर्गात बडबडणाऱ्या पोरांकडे बघावं तशा बघायच्या. काठाला लावलेला लोखंडी दांडा मात्र हातातून सुटत नव्हता. मी काठावर टॉवेल घेऊन बसलेली. कधी राग यायचा, कधी कीव यायची. साठीची बाई, काय काय करून पाहत होती बिचारी! अंगात मुरलेलं असं एका उन्हाळ्यात निघतं थोडंच?

पण गुडघ्यांना पाणी मानवत होतं. एप्रिल संपता संपता ताई पहिल्या मजल्यापर्यंत न थांबता यायला लागल्या. माझ्या दारात टाळी वाजवायच्या. आणि मेच्या सुरुवातीला एका सकाळी प्रियदर्शनीनं मानेखाली हात दिला, हळूच काढून घेतला, आणि ताई उताण्या तरंगल्या. तोंडावर ऊन. मी काठावर चक्क रडले.

"काही वजनच नाही वं भावना," बाहेर येऊन मला म्हणाल्या. "मी हायेच नाही असं वाटलं."

तोवर आमच्याकडे नळाला पाणी येण्यातलं दिवसांचं अंतर वाढत चाललं होतं. पुढच्याच आठवड्यात आम्ही तलावावर पोचलो तेव्हा फाटकाशी टँकर उभा. जाड पाइप तलावात सोडलेला, पाणी धो धो पडतंय. पलीकडच्या वस्तीतल्या बाया हंडे आणि डबे घेऊन कुंपणाला लागून उभ्या होत्या. नुसत्या बघत होत्या.

ताईंनी हातातली टोपी पिशवीत टाकली.

"चाल भावना, घरी."

"अवं ताई, काहून? तुमी नाही उतरल्या तं काय ते पानी त्यायले भेटनार हाये?"

"नाही भेटनार. मले कळते ते."

"मग?"

"मग काही नाही. माह्या पायानं होत नाही."

मी भांडले. ओरडले म्हणा ना. विपुल येतोय, जिना अर्धा झालाय, आता हट्ट सोडा. प्रियदर्शनी घरी येऊन हात जोडून गेली. ताई चहा करायच्या, ऐकून घ्यायच्या, आणि सकाळी पिशवी खुंटीलाच राहायची. त्यांचं चूक आहे असं मला मनापासून म्हणता येईना, आणि बरोबर आहे म्हटलं तर त्या जाणार. काय करणार होते मी?

जूनमध्ये विपुल आला. ताई पदर खोचून निघाल्या. माझ्या दारापर्यंत आल्या, आणि पुढच्या चौथ्या पायरीवर कठडा धरून थांबल्या. विपुलनं खाली मान घातली. ताईच म्हणाल्या, "चाल, बॅग भरू."

जाताना त्यांचे पाण्याने भरलेले ड्रम माझ्या गॅलरीत आणवून घेतले. "वापरजो," म्हणाल्या, "सांडजो नोको."

परवा फोन आला. आवाज खणखणीत. विपुलच्या सोसायटीत खालीच तलाव आहे. त्या रोज उतरतात. दांडा सोडून या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात.

"लिफ्ट बंद पडली होती तं चार मजले चढली मी. मधात बसली नाही."

मला आनंद झाला. वर आता भाडेकरू राहतात.

"आनी पाय कसा घातला वं ताई? तिथलंही गोडंच पानी असन ना?"



"गोडंच हाये," ताई म्हणाल्या. "पन हे काही आपलं गाव नोय ना भावना."