बाबारावांची नाभी

कुरुदच्या वस्तीत आमच्या शेजारी राहणारे बाबाराव स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवायचे. त्यांच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा बायकोची, भागाबाईंची, एक किडनी त्यांना बसवली. तेव्हापासून पोटाच्या उजव्या बाजूवर हात ठेवून ते मला म्हणायचे, "बाई, हे घरवालीचं क्वार्टर हाय. आपून किरायेदार."

भागाबाई आतून ओरडायच्या, "मंग झाडपूस बी करत जा!"

गोळ्या वेळेवर, पाणी उकळलेलं, नाक्यावरचा समोसा कायमचा बंद. असा नेमाचा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्या सकाळी कढीपत्ता द्यायला गेले आणि दारातच थिजले. बाबाराव चटईवर उताणे होते. बेंबीवर कणकेची पणती पेटवून वस्तीतली नाभी बसवणारी शकुबाई तिच्यावर तांब्या उपडा घालत होती. नाभी सरकली की आमच्याकडे हा उपाय करतात, तांब्या कातडीला घट्ट चिकटतो. इथे तो किडनीच्या व्रणाला टेकला होता.

"शकुबाई, काढ तो!"

"कावून ओरडता, बाई?" भागाबाई म्हणाल्या. "दोन दिस झाले, पोट साफ नाही, गॅस बी निघून नाही राहिली. हिरवी उलटी करून राहिले. नाभीच सरकली."

"दुखतंय का हो?"

"थोडंसं," बाबाराव हसले. "शकुबाईचा तांब्याच जास्त दुखून राहिला."

पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं होतं.

"आणि गोळ्या?"

"त्या बी उलटीत गेल्या," भागाबाई म्हणाल्या आणि बोलता बोलता त्यांचा चेहरा उतरला. किडनी त्या गोळ्यांवरच टिकून होती.

दवाखान्यात स्कॅन झाला. डॉक्टर म्हणाले, "बसवलेल्या किडनीशेजारच्या फटीत आतडं शिरून अडकलंय. त्याचं रक्त थांबलंय. बहुतेक सडायला लागलंय."

"पण हे तर आत्ता हसत होते!" मी म्हणाले.

"किडनी टिकवणाऱ्या गोळ्यांनी दुखणंही दबतं, तापही. दोन दिवस पोटात राहिल्या नाहीत तरी त्यांचा परिणाम लगेच जात नाही. आत काय चाललंय ते माणसाला कळत नाही."

स्ट्रेचरवरून बाबाराव म्हणाले, "भागा, तू चहा पिऊन घे." ऑपरेशननंतर ते शुद्धीवर आलेच नाहीत. दुसऱ्या संध्याकाळी गेले.

भागाबाई रडल्या नाहीत. माझं मनगट धरून विचारत राहिल्या, "मले सांगाले नाही पायजे होतं का त्यायनं? दुखते म्हणून?"

"फारसं दुखतच नव्हतं हो त्यांना," मी म्हणाले.

त्यांनी मनगट सोडलं नाही.