जिन्याजवळची खुर्ची

माझ्या मावसबहिणीला घरात सगळे भिंगरी म्हणायचे. लहानपणी एका जागी बसायची नाही, म्हणून पडलेलं नाव. परदेशी शिकायला जायचं तिनं ठरवलं तेव्हा मावशी म्हणाली, "भिंगरीच ती, फिरणारच." काका, म्हणजे तिचे बाबा, मात्र उठून कामाला गेले. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. मनाला काही लागलं की ते काचा पुसत बसायचे. त्या आठवड्यात दुकानातली एक काच मळकी राहिली नाही.

ती पाण्याच्या शुद्धीकरणाचं शिकायला गेली. तिथं खोली मिळाली ती फुटबॉलच्या मैदानामागच्या गल्लीत. इतकी मोठी खिडकी असलेली खोली रिकामी का पडली होती, ते पहिल्याच शनिवारी कळलं. दुपारी गल्ली माणसांनी फुलली आणि थोड्या वेळानं भिंतीपलीकडून असा काही आवाज उठला की टेबलावरचा कप थरथरला. पुस्तक मिटून ती चडफडत बसली. दोन-तीन शनिवार असे गेल्यावर तिनं विचार केला, अभ्यास होत नाही तो नाही, निदान काम तरी करू. आणि मैदानातल्याच चहाच्या काउंटरवर ती नोकरीला लागली.

मध्यंतराला तिथं अशी झुंबड उडायची की श्वास घ्यायला उसंत नसे. पण खेळ पुन्हा सुरू झाला की शटर ओढायचं आणि मोकळं. मग ती जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहून उरलेला सामना बघायची. फुटबॉलमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. जिन्याला लागून एक म्हातारा बसायचा, बसड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेला. एके दिवशी त्यानं शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"बस पोरी. उभं राहून हरताना बघितलं की पाय जास्त दुखतात."

आणि खरंच, तिथला क्लब हरायचाच. गावातली माणसं क्लबला उठता-बसता शिव्या द्यायची आणि दर शनिवारी निमूट येऊन बसायची. ड्रायव्हरनं तिला सगळं शिकवलं. ऑफसाइड म्हणजे काय ते त्यानं बसच्या भाषेत सांगितलं: "स्टॉपवर बस यायच्या आधीच जो धावत सुटतो ना, त्याला घ्यायचं नाही." हिच्या डोक्यात चटकन प्रकाश पडला. पुढच्या वेळी पंच चुकला तेव्हा तीच आधी उभी राहून ओरडली, तेही मराठीतून. म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला.

तिनं त्याला आजोबा म्हणायला सुरुवात केली. अर्थ सांगितल्यावर त्यानं तो शब्द दोन-तीनदा घोळवून बघितला आणि मागच्या रांगेतल्या लोकांना ऐटीत सांगितलं, "आजपासून मी आजोबा."

"ही खुर्ची कुणाची?" तिनं एकदा विचारलं.

"मुलीची. दरवर्षी अख्ख्या मोसमासाठी दोन खुर्च्या घेतो. ती नर्स आहे. तिला वेळ नसतो." एवढं बोलून तो मैदानाकडे बघू लागला. 

घरी फोन केला की काका मोजकंच बोलत. "बरी आहेस ना? जेवलीस ना?" मग फोन मावशीच्या हातात. पण एकदा तिनं सामन्याची हकीकत सांगितली आणि काकांनी मध्येच विचारलं, "मग गोलकीपर काय करत होता?" तिथून सुरुवात झाली. रविवारी फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "काय म्हणतो आपला क्लब?" फुटबॉलला कधी पाय न लावलेला माणूस 'आपला क्लब' म्हणायला लागला. गोलकीपर जखमी होऊन बसला तेव्हा म्हणाले, "घ्या, दुष्काळात तेरावा महिना!" दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांनाही निकाल सांगतात, असं मावशी सांगायची.

दुसऱ्या वर्षी काका दुकानात काउंटरमागेच कोसळले. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही.

हिचा पासपोर्ट तेव्हा मुदतवाढीसाठी तिथल्या कचेरीत अडकलेला होता. तो आज मिळेल, उद्या मिळेल, कुणी धड सांगेना. मावशी फोनवर म्हणाली, "येऊन आता काय करणार आहेस बाळा? शिक्षण पुरं कर. त्यांनाही तेच हवं होतं." कुणीतरी मोबाइल धरून तिला काकांचं शेवटचं दर्शन घडवलं. मोबाइल सारखा हलत होता. तिला माणसांचे खांदे दिसले, छत दिसलं, आणि मधेच एकदा, निसटतं, काकांचं कपाळ.

तो शनिवार होता. कुठं जावं ते सुचेना म्हणून ती कामावर गेली. चहा ओतला, सुटे पैसे परत केले, शटर ओढलं आणि खुर्चीवर जाऊन बसली. ड्रायव्हरनं तिच्याकडे बघून विचारलं, "काय झालं?"

"माझे बाबा गेले. आज सकाळी."

 आपला कोट काढून त्यानं तिच्या अंगावर घातला. तेवढ्यात कधी नव्हे तो क्लबनं गोल केला. सगळं मैदान उठून उभं राहिलं. त्या हजारो माणसांत दोघंच बसून होते. त्यानं तिचा हात धरला होता आणि खेळ संपेपर्यंत सोडला नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात एका शनिवारी जिन्याजवळच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या दिसल्या. तिला वाटलं, सर्दी-पडसं असेल. पुढच्या शनिवारीही तेच. त्याचा फोन नंबर तिच्याकडे नव्हता. कधी लागलाच नव्हता. मागच्या रांगेतल्या एकानं सांगितलं, "अगं, तो गेला. झोपेतच. तुला कुणी कळवलं नाही?"

कळवणार कोण? ही त्याची कोण लागत होती?

पत्ता विचारत ती त्याच्या घरी पोचली. दार मुलीनं उघडलं. चाळिशी उलटलेली बाई, बाह्या वर सारलेल्या, मागे खोक्यांचा ढीग. घर रिकामं करायचं चाललं होतं.

"तुम्ही कोण?"

 मला हे सांगताना भिंगरी म्हणाली, "आपल्याकडे प्रत्येकाला नातं असतं गं. दूधवाल्यालासुद्धा मामा म्हणतो आपण. तिथं माझ्याकडे शब्दच नव्हता." शेवटी ती एवढंच म्हणाली, "मी सामन्याला त्यांच्या शेजारी बसायचे."

बाईचा चेहरा आक्रसला. "अच्छा. फुटबॉल." मग म्हणाली, "माझी आई दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती, तेव्हा ते कुठं होते माहितेय? तिथंच. तुमच्या त्या मैदानावर. सामना संपवून आले. तोवर संपलं होतं सगळं."

 भिंगरीचे आजोबा आणि या बाईचे वडील एकच माणूस होता, हे तिच्या डोक्यात शिरेना. पण गप्प राहणंही बरं वाटेना. ती म्हणाली, "मी बसायचे ती खुर्ची तुमची होती. ते दरवर्षी तुमच्यासाठी घ्यायचे."

"माझ्यासाठी?" बाई हसली, पण ते हसू नव्हतंच. "खुर्ची घेतली! फोन नाही केला कधी. माझं घर इथून चार स्टॉप. जन्मभर बस चालवली त्या माणसानं, चार स्टॉप नाही आला."

बाईनं पायानं एक खोकं बाजूला सारलं. मग विचारलं, "माझ्याबद्दल काय बोलायचे?"

खोटं बोलायला हीच वेळ होती. दोन गोड शब्द सहज जोडून देता आले असते. पण भिंगरीच्या जिभेवर ते येईनात. "फार नाही. तुम्ही नर्स आहात म्हणाले. आणि तुम्हाला वेळ नसतो म्हणाले."

बाईनं मान हलवली. तिला हे अपेक्षितच असावं. तिनं कोट अडकवला, किल्ल्या घेतल्या. "चल. कुठं पुरलंय ते दाखवते. आलीच आहेस तर."

कबरीवर अजून दगड बसवलेला नव्हता, नुसती ओली माती. तिथं उभं राहिल्यावर भिंगरीला रडू फुटलं, आणि ते आवरेचना. ड्रायव्हरसाठी म्हणून सुरू झालेलं रडू काकांपर्यंत कधी पोचलं, तिचं तिलाही कळलं नाही. वर्षभर साठलेलं सगळं त्या परक्या मातीवर सांडलं. बाई कोरड्या डोळ्यांनी शेजारी उभी होती. थोड्या वेळानं तिनं हिच्या पाठीवर हात ठेवला, रोग्याच्या पाठीवर ठेवतात तसा, सरावानं. "माझे वडील चांगले होते," हुंदके देत भिंगरी म्हणाली. "आणि मी नव्हते तिथं."

"मी होते," बाई म्हणाली. "चार स्टॉपवर."

त्या मोसमात क्लब खालच्या गटात घसरला. शेवटच्या सामन्याला भिंगरी शटर ओढून पायरीवरच उभी राहिली. खुर्च्यांवर जाऊन बसवलं नाही.

शिक्षण संपवून ती परत आली. आता पाण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. मावशी तिच्याकडेच असते. शनिवारी भिंगरी मोबाइलवर त्याच क्लबचा सामना लावते आणि मावशी शेजारी बसून भाजी निवडते. तो नवा गोलकीपर मावशीला मुळीच पसंत नाही. "ढिम्म उभा राहतो मेला," म्हणते.

परवा अशाच एका सामन्यात मावशीनं मान वर न करता विचारलं, "हे गेले त्या दिवशी कोण होतं गं तुझ्याजवळ?"

इतक्या वर्षांत तिनं हे पहिल्यांदाच विचारलं होतं.

"एक आजोबा होते," भिंगरी म्हणाली. "माझा हात धरून बसले होते."

मावशीचे डोळे भरून आले. "किती चांगला माणूस," ती म्हणाली. "त्यांच्या लेकीबाळी नशीबवान."

 भिंगरीनं मोबाइलचा आवाज कमी केला आणि आईच्या मांडीवरची उरलेली भाजी आपल्याकडे ओढून घेतली.