शिट्टी वाजेपर्यंत सोडायचं नाही

अख्ख्या अमिरातीत ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा टॅकलिंग कोच झालेला पहिला मराठी माणूस मीच. एक मॅच टिकलो, आणि तीसुद्धा हाफ टाइमपर्यंत.

हाफ टाइमला आमचे धिप्पाड गोरे तंबूत बसून मानेला बर्फ लावत होते. हेड कोच ग्रेग पांढऱ्या बोर्डासमोर मार्कर घेऊन उभा होता आणि काहीच लिहीत नव्हता. मी पाण्याच्या बाटल्या एका रेषेत लावत होतो. त्या आधीच एका रेषेत होत्या, पण मला कुणाच्या डोळ्यांत बघायचं नव्हतं.

"दत्ता," ग्रेग म्हणाला, "तू यांना नक्की काय शिकवलंस?"

"कबड्डी," मी म्हटलं.

ग्रेगने मार्करचं टोपण लावलं.

आता इथवर कसा पोचलो ते सांगतो. दुबईच्या बाहेर एका स्पोर्ट्स कॉम्प्लेक्समध्ये मी ग्राउंड सांभाळतो. गवत कापणं, पाणी देणं, चुन्याच्या रेषा मारणं, कुणी पडला तर स्ट्रेचरचं एक टोक धरणं. आमच्याकडे त्याला ग्राउंड्समन म्हणतात. माझ्या आयडीवर मात्र 'गार्डनर' लिहिलंय, कारण मला आणलं तेव्हा कंपनीकडे त्या नावाचा व्हिसा शिल्लक होता. माझी मुलगी ऋचा शाळेत सांगते, "माय डॅड इज इन स्पोर्ट्स." खोटं नाही ते. पण ती ते सांगते तेव्हा मी लगेच मोबाइलमध्ये बघायला लागतो.

माझं शिक्षण आठवीपर्यंत. नववी मी बघितली, पण नववीने मला बघितलं नाही. त्याऐवजी कराडकडच्या आमच्या गावच्या मंडळातून कबड्डी खेळलो. डावा कोपरा. तालुक्यात नाव होतं माझं. म्हणजे तालुक्यात माझ्या नावाचे बरेच लोक होते, त्यातला एक मी.

तर हा ऑस्ट्रेलियन फुटबॉल. चेंडू अंड्यासारखा, ग्राउंडही अंड्यासारखं, म्हणून क्रिकेटच्या मैदानावर खेळतात. दोन्ही टोकांना चार-चार खांब, जाळी नाही, आडवी दांडी नाही. मधल्या खांबांतून चेंडू लाथेने घातला की सहा पॉइंट. नेम चुकून शेजारच्या फटीतून गेला तरी एक पॉइंट. म्हणजे चुकलं तरी मार्क. आमच्या शाळेत ही पद्धत असती तर मी कलेक्टर झालो असतो.

ज्याच्या हातात चेंडू आहे त्याला धरायचं, याला टॅकल म्हणतात. खांद्याच्या खाली आणि गुडघ्याच्या वर, तेवढ्याच भागात धरायचं. मागून ढकलायचं नाही. पाय ओढायचा नाही. धरलेल्या माणसाने चेंडू लाथेने किंवा मुठीने मारून दुसऱ्याला द्यायचा, फेकायचा नाही. देण्याची संधी असून त्याने दिला नाही तर शिट्टी, आणि चेंडू आपला. चूक आपली असेल तर चेंडू त्यांचा, फुकटात. त्याला म्हणतात फ्री किक.

हे सगळं मी तुम्हाला आत्ता सांगतोय. कोच झालो तेव्हा मला यातलं निम्मं माहीत नव्हतं.

झालं असं की आमच्या टीमला कुणाला धरताच येत नव्हतं. बँकवाले, शाळेचे मास्तर, एक वैमानिक. समोरचा चेंडू घेऊन पळायचा आणि हे त्याला लिफ्टमध्ये वाट द्यावी तशी वाट द्यायचे. एका बुधवारी संध्याकाळी प्रॅक्टिसला यावरून भांडण जुंपलं. मी बाजूला स्प्रिंकलरचं तोंड साफ करत होतो, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

वैमानिकाचं नाव ब्रेट. उंची साडेसहा फूट. तो म्हणाला, "धरून गरागरा फिरवून आपटायला देत नाही तुम्ही, मग टॅकल कशाला म्हणायचं? मिठीच मारतो ना."

त्या फिरवून आपटण्याला ते स्लिंग टॅकल म्हणतात. पूर्वी त्यावर टाळ्या पडायच्या. आता डोकं आपटलं तर आपटणाऱ्याला घरी बसवतात.

ग्रेग म्हणाला, "मला असंच आपटलं होतं. सहा महिने बायकोचं नाव आठवायला वेळ लागायचा. म्हणून खेळणं संपलं आणि मी कोच झालो."

"आणि कोच म्हणून तुला दोनदा काढलं," मागून कुणीतरी म्हणालं.

"म्हणून तर दुबईत आलो," ग्रेग म्हणाला. "तिकडे कोचचं करिअर म्हणजे काय? टीम हरली की खेळाडू तेच राहतात, कोच बदलतो."

सगळे हसले. मग ब्रेटला काय सुचलं कोण जाणे, माझ्याकडे वळून म्हणाला, "हबीबी, तुझं काय मत?"

चेष्टा होती ती. शहाणा माणूस हसून स्प्रिंकलरकडे वळला असता. मी म्हटलं, "आमच्या खेळात आपटायची गरजच पडत नाही. ये, दाखवतो."

ब्रेट चेंडू घेऊन आला. मी वाकलो, मांडीला मिठी घातली आणि साडेसहा फूट वैमानिक धाडकन आडवा.

"गवत ओलं आहे," ब्रेट खालूनच म्हणाला.

ओलं होतंच. स्प्रिंकलर तासभर मीच चालू ठेवला होता. पण त्याचं कोण ऐकतंय? ग्रेगने मला हाताला धरून मध्ये नेलं आणि जाहीर केलं, शनिवारी रास अल खैमाच्या टीमशी मॅच आहे, तोवर दत्ता आपला टॅकलिंग कोच. यल्ला, म्हणजे चला.

दुसऱ्या दिवशी मी देशपांडे साहेबांकडे गेलो. ते आमचे फॅसिलिटी मॅनेजर, मूळचे पुण्याचे. हसतात, पण ऑफिसच्या वेळेत नाही.

"साहेब, पुढच्या महिन्यात व्हिसा रिन्यू होतोय. त्यात प्रोफेशन 'कोच' करता येईल का?"

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "दत्तात्रय, काल तुम्ही एका माणसाला पाडलंत एवढंच माझ्या कानावर आलंय."

"ग्रेग लिहून देईल साहेब."

"देऊ दे. मॅचनंतर. ग्रेगचं पत्र आलं तर मी प्रोसेस करतो. मॅचच्या आधी माझ्याकडे येऊ नका."

"इन्शाल्ला साहेब."

"इन्शाल्ला नको, रिझल्ट आणा."

मी बाहेर आलो तो कोच होऊनच. अल मनखूलला घरी पोचेपर्यंत गावच्या ग्रुपवर टाकून झालं होतं. रात्रीपर्यंत मंडळाच्या पोरांनी एसटी स्टँडसमोर फ्लेक्स लावून त्याचा फोटोही पाठवला. 'दुबई येथे आंतरराष्ट्रीय कोचपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' माझा फोटो लग्नातला. मागे उंच इमारत, बाजूला क्रिकेटचा बॉल, खाली बारा शुभेच्छुक, त्यातल्या सात जणांशी माझं बोलणं नाही.

बायकोने, वंदनाने, फोटो बघितला. "अहो, मॅच तरी होऊ द्यायची."

"मॅच काय, आपलीच आहे."

"तुम्हाला नियम माहितीयत का त्यांचे?"

"धरायला काय नियम लागतो?"

ऋचा सोफ्यावरून म्हणाली, "बाबा, देअर आर अ लॉट ऑफ रूल्स." ती आमच्याच कॉम्प्लेक्समधल्या ज्युनिअर टीममध्ये हाच खेळ खेळते. "चेंडू गेला की सोडावं लागतं. अदरवाइज इट्स अ फ्री किक."

"तू आठवीत आहेस," मी म्हटलं.

"सो वर यू."

घोटा धरायचा नाही, हे शुक्रवारच्या प्रॅक्टिसला पहिल्याच मिनिटाला ग्रेगने सांगितलं. ब्रेटला मांडीला धरून पाडलं त्यात गवताचाच हात जास्त, माझी खरी कला घोट्यात. ती गेली. मग माझ्याकडे शिकवण्यासारखी एकच गोष्ट उरली, आणि ती मी जीव तोडून शिकवली. आमच्याकडे चढाई करणारा निसटून मधल्या रेषेला नुसतं बोट लावतो आणि खेळ पालटतो. म्हणून लहानपणापासून आमच्या डोक्यात एकच बसवलेलं असतं, धरलं की शिट्टी वाजेपर्यंत सोडायचं नाही. दात तुटले तरी नाही. आणि एकाने धरलं की बाकीच्यांनी बघत उभं राहायचं नाही, वर पडायचं.

मी त्यांना ते मराठीतच घोकायला लावलं. बँकेचे व्हाइस प्रेसिडेंट एकमेकांच्या कमरेला लटकून ओरडत होते, "सोडायचं नाही." ग्रेग फोनवर होता. त्याला वाटलं टीममध्ये जोश आलाय.

शनिवारी मॅच सुरू झाली. पहिली दहा मिनिटं मी सुखात होतो. समोरचा पळाला की आमचा त्याला धरायचा आणि सोडायचा नाही. दोनदा शिट्टी वाजली, दोन्ही वेळा चेंडू आपला. मी देशपांडे साहेब कुठे बसलेत ते शोधून ठेवलं. त्यांना मी दिसेन अशा बेताने उभा राहिलो.

रास अल खैमाच्या कोचला दहा मिनिटं पुरली. त्याने त्याच्या पोरांना सांगितलं, हात लागला रे लागला की चेंडू मुठीने मारून मोकळं व्हायचं. झालं. आता त्यांचा चेंडू पुढे जायचा, तिकडे दुसरा तो घेऊन पळायचा आणि आमचा माणूस इकडे रिकाम्या माणसाला कवटाळून शिट्टीची वाट बघत उभा. शिट्टी वाजायची. फ्री किक त्यांना. चेंडू हातात नसलेल्या माणसाला धरलं म्हणून.

मला वाटलं अंपायर विकला गेलाय.

"बाबा, लेट गो म्हणून सांग त्यांना," ऋचा दोरीच्या पलीकडून म्हणाली.

मी ओरडलो, "सोडायचं नाही."

मग ते वर पडायला लागले. एकाला तिघे, तिघांवर दोघे. अंपायरला शिट्टी तोंडातून काढायला उसंत मिळेना. हाफ टाइमला थोडाच वेळ उरला होता, तेव्हा त्यांचा एक बारीकसा माणूस चेंडू घेऊन ब्रेटसमोर आला. टाइल्सच्या फॅक्टरीत इंजिनियर आहे तो, नंतर कळलं. ब्रेटने त्याला दोन्ही हातांसकट मिठीत घेतलं. त्याने कसाबसा चेंडू मुठीने काढून दिला. ब्रेटने सोडलं नाही. तो सुटायला झटापट करायला लागला, तसा ब्रेट आणखी आवळत गेला, आणि दोघे गरागरा फिरून खाली आले. हात अडकलेले, त्यामुळे त्या बारक्याला टेकायलाही काही नव्हतं. त्याचं डोकं आधी टेकलं.

तो आवाज मला दोरीपाशी ऐकू आला.

स्ट्रेचरचं एक टोक धरणं हे माझं खरं काम. मी पळत गेलो. त्याने डोळे उघडले आणि विचारलं, "कोण जिंकतंय?" मी म्हटलं, "तुम्ही." तो हसला. दोन पावलं गेलो नाही तोच त्याने परत विचारलं, "कोण जिंकतंय?" त्याची बायको पळत आली. तिने ब्रेटकडे रागाने बघितलं. माझ्याकडे नाही. तिला काय माहीत, कोच कोण आहे ते.

ब्रेटला अंपायरने बाहेर काढलं. तो माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "तू शिट्टीपर्यंत म्हणाला होतास."

"हो," मी म्हटलं.

आणि मग तो हाफ टाइम.

"कबड्डी," ग्रेगने परत म्हणून बघितलं. "दत्ता, ऑस्ट्रेलियात मला दोनदा काढलं. दोन्ही वेळा पूर्ण सीझन लागला. तू अर्ध्या मॅचमध्ये करून दाखवलंस."

"मी खलास का?"

"तू खलास. बाटल्या उचल."

मग टीमकडे वळून त्याने दोन वाक्यं सांगितली. धरा. चेंडू गेला की सोडा. बस, एवढंच. सेकंड हाफला आमच्या लोकांनी धरलं, सोडलं, धरलं, सोडलं, आणि एका गोलने मॅच जिंकली. इंजिनियरला डॉक्टरने तपासून घरी सोडलं, दोन आठवडे टीव्ही बघायचा नाही म्हणून. मी त्याला फोन केला तर तो चांगला बोलला. त्याला टॅकल आठवतच नव्हता. ब्रेटला तीन मॅच घरी बसवलं. मला घरी बसवता येत नव्हतं, कारण रविवारी गवत कापायचं होतं.

सोमवारी मी देशपांडे साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. माझ्यासारखी निर्लज्ज माणसं नसती तर केबिनला दार बसवायची गरजच पडली नसती.

"साहेब, रिझल्ट आलाय."

"हो. तुम्हाला काढल्यावर आलाय."

"ग्रेगचं पत्र?"

"त्यांनी मेल केलाय. लिहिलंय, मैदान उत्तम ठेवता. त्यात कोच हा शब्द नाही." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तो इंजिनियर माझ्या भाच्याच्या वयाचा आहे, दत्तात्रय."

व्हिसा रिन्यू झाला. दोन वर्षं आणखी गार्डनर. फ्लेक्स गावात अजून आहे म्हणतात. पोरांना म्हटलं काढा, तर म्हणाले, शुभेच्छुकांनी पैसे दिलेत, त्यांचा महिना भरू दे.

त्या सोमवारी संध्याकाळी जेवताना मी गंभीर होतो. इतका मार खाल्ल्यावर माणसाला थोडं शहाणपण सांगायचा हक्क असतो असं मला वाटलं. भाकरी बाजूला ठेवून मी म्हटलं, "वंदना, आयुष्यात एक गोष्ट कळली. धरणं कुणालाही जमतं. कधी सोडायचं ते ज्याला कळलं, तो कोच."

वंदनाने आमटी वाढली. ऋचाने मोबाइलमधून मान वर केली.

"बाबा, ते अंडर-नाइनच्या मुलांना फर्स्ट डेला सांगतात."