राणी तमसा बेपत्ता आहे

खाडीत जसा गाळ साचतो, तसे आमच्या ग्रुपमध्ये किस्से साचतात. कोणी मुद्दाम आणून टाकत नाही, पण भरती येऊन गेली की थर वाढलेला असतो. आम्ही विक्रोळी पूर्वेचे. गच्चीवरून खाडी दिसते, त्यामुळे ही उपमा घरचीच आहे.

ग्रुप कसला? दर रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये बसून 'सातवी मशाल' बघणाऱ्यांचा. ज्यांनी ही सिरीज पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात : एक राज्य आहे, सात मशाली आहेत, सातवी विझली की राज्य बुडालं. एक राणी आहे, तमसा. आणि एक पंखवाला वाघ आहे.

"या वयात पंखवाले वाघ बघता?" असं लोक विचारतात. हो, बघतो! स्वतःचा गुडघा वाकेनासा झाला की वाघाला उडताना बघून फार बरं वाटतं!

मी किस्से सांगताना त्यात थोडं मीठ घालतो, असं बायको म्हणते. थोडंच घालतो. प्रेशर आहे मला.

* * *

सुरुवात तात्यांपासूनच करायला हवी. तात्या मूळचे देवगडचे, बस कंडक्टर म्हणून रिटायर झाले. चौथ्या मजल्यावर एकटेच राहतात. मुलगा परदेशात. आवाज असा, की अजूनही "पुढे चला" म्हणाले तर हॉलमधल्या खुर्च्या सरकतील.

पहिल्या सीझनचा पहिलाच एपिसोड. माझं घर हॉलच्या बरोब्बर वर, म्हणून लांब वायर सोडून आमच्याकडचा राऊटर खाली आणला होता. सगळे बसले, दिवे घालवले, आणि टीव्हीवर गोल चक्र फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय, फिरतंय!

तात्या उठले. चपला काढल्या. राऊटरसमोर हात जोडून खणखणीत गाऱ्हाणं सुरू केलं, गावाला देवळात घालतात ना, अगदी तसंच!

"बा देवा म्हाराजा! ह्या जा काय चाक फिरता हा, ता थांबव रे म्हाराजा!"

आता कोकणातल्या माणसाच्या कानावर गाऱ्हाणं पडलं की उत्तर विचार करून द्यावं लागत नाही. ते आपोआप येतं, जांभई यावी तसं. आम्ही सगळे एका सुरात ओरडलो, "व्हय म्हाराजा!"

चक्र थांबलं! वाघ उडाला!

तेव्हापासून गाऱ्हाण्याशिवाय आमचा एकही एपिसोड सुरू झालेला नाही. आमचा जिग्नेशभाई गुजराती, पण "व्हय म्हाराजा" सगळ्यात जोरात तोच म्हणतो.

* * *

सुमनताई म्हणजे आमच्यातला अभ्यासू मेंबर. शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. एका रविवारी त्यांनी सिरीज मध्येच थांबवायला लावली.

"हा वाघ उडूच शकत नाही. अंगाचं वजन बघा, पंखांची लांबी बघा. छातीला स्नायू कुठेत?"

तात्या शांतपणे म्हणाले, "बाय, मारुतीक पंख खंय होते?"

सुमनताईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हा प्रश्न सिलॅबसच्या बाहेरचा आहे. लावा पुढे."

* * *

जिग्नेशभाईच्या पोटात काही राहत नाही. रविवारी सकाळी एपिसोड आला की हा घरी गुपचूप बघून टाकायचा आणि संध्याकाळी आमच्याबरोबर पुन्हा बसायचा. मग हळूच, "आज सेनापतीला नीट बघून घ्या हां."

म्हणून शिक्षा ठरली. एपिसोड संपेपर्यंत तोंडावर मास्क! घराघरात पडलेच होते.

मास्क लावला, पण डोळ्यांचं काय? पडद्यावर जो मरणार तो आला, की जिग्नेशच्या डोळ्यांतून पाणी! म्हातारा वैद्य आला, पाणी. वैद्य गेला! नावाडी आला, हुंदका. नावाडीही गेला!

सुमनताई कडाडल्या, "पुढच्या वेळी काळा गॉगल घालून यायचं!"

माणूस शब्दाचा पक्का. पुढच्या रविवारी मास्क आणि गॉगल लावून भजी आणायला बाहेर गेला. परत येताना वॉचमनने गेटवर अडवलं. "किससे मिलना है?" स्वतःच्याच बिल्डिंगमध्ये जायला बिचाऱ्याला बायकोला खाली बोलवावं लागलं. ती आली, वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "मैं नहीं पहचानती."

* * *

छोटासाच, पण सांगतो. प्रेतांच्या दलदलीचा एपिसोड. राजपुत्र नाक दाबून चालतोय, चहूकडे सडलेले सांगाडे. नेमकं त्याच क्षणी वारं फिरलं, आणि देवनारच्या डम्पिंग ग्राऊंडचा वास खिडकीतून थेट हॉलमध्ये!

मी खिडकी लावायला उठलो, तर तात्यांनी हात धरला. "बस रे मेल्या! मल्टिप्लेक्सवाले ह्येचे वेगळे पैसे घेतत!"

* * *

आता मुख्य भानगड. तिसऱ्या सीझनच्या शेवटी राणी तमसा कड्यावरून धुक्यात कोसळली. पडदा काळा. नावं वर सरकायला लागली. सुमनताई म्हणाल्या, "गेली." जिग्नेश तर मास्क भिजवून बसलेला.

एकटे तात्या ताठ. "मडा गावला? नाय ना? मग मेली कशी?"

जिग्नेशला दुःख आवरेना. जाता जाता त्याने जिन्याजवळच्या काळ्या फळ्यावर खडूने लिहिलं : 'दुःखद निधन. राणी तमसा.' हा फळा म्हणजे सोसायटीचं गॅझेट. पाणी कधी जाणार, कोण गेलं, सगळं तिथेच.

सकाळी सी विंगमधले दोघे जण पांढरे कपडे घालून खाली उभे. "कितव्या मजल्यावरच्या हो?"

आणि आमचे सेक्रेटरी, परब! मूळचे कणकवलीकडचे, पण सेक्रेटरी झाल्यापासून मालवणी सोडून दिलेली. सोसायटीत बोलताना प्रत्येक वाक्य इस्त्री केलेलं. त्यांनी फळा बघितला आणि अख्ख्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला : 'आपल्या ज्येष्ठ सदस्या, मनमिळाऊ स्वभावाच्या तमसाताई राणी यांच्या आत्म्यास सद्गती लाभो.' खाली लोकांचे हात जोडलेले. रांगच रांग!

दुपारी कोणीतरी परबांना तमसाताई कोण ते सांगितलं. ते खाली आले. चेहरा त्या वैद्यासारखा, मेल्यानंतरच्या. बघतात तर फळ्यासमोर तात्या. 'दुःखद निधन' पुसून त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं होतं : 'बेपत्ता.'

"सोसायटीचं सभागृह म्हणजे पोरखेळाचा अड्डा नाही!" परब कडाडले. "येत्या सर्वसाधारण सभेत बघतोच!"

"बघा," तात्या म्हणाले, "आमी पण बघतलोच."

* * *

चौथ्या सीझनची वाट बघण्यात बराच काळ गेला. थिअऱ्यांना नुसता ऊत! मला एकदा लहर आली. मी सहज पुडी सोडून दिली, की सातवी मशाल ही मशाल नाहीच, ती तमसाच आहे. आधार? शून्य. चहा पिताना सुचलं.

चार दिवसांनी बोरीवलीहून मेव्हणीचा फोन. "भावोजी, आतली बातमी आहे, शूटिंगवाल्यांकडून. कोणाला सांगू नका. मशाल म्हणजे तमसाच!"

खोटं कशाला बोलू, मला ते इतकं पटलं, की संध्याकाळी मी तात्यांकडे जाऊन शपथेवर सांगितलं.

* * *

शेवटी चौथ्या सीझनची तारीख लागली. आणि नेमकी त्याच्या आदल्या रविवारी सर्वसाधारण सभा! विषयपत्रिकेवर परबांचा ठराव : सभागृह यापुढे केवळ सदस्यांच्या वयाला शोभणाऱ्या कार्यक्रमांसाठीच.

मी तात्यांना म्हटलं, "जाऊ दे ना तात्या. तुमच्याकडे एवढा मोठा टीव्ही आहे. वायफाय मी लावून देतो. घरी बघा."

तात्या म्हणाले, "घरात एकट्यान बघलंय, तर 'व्हय म्हाराजा' कोण म्हणतलो रे?"

वायफायचा विषय मी तिथेच सोडून दिला. मी! विचारा बायकोला, असं होत नाही कधी.

सभेला हॉल गच्च भरलेला. परबांनी माईक हातात घेऊन इस्त्रीचं भाषण केलं. शिस्त, संस्कार, समाजात आपली प्रतिमा. लोक माना डोलवायला लागले. सी विंग तर आधीच दुखावलेली, पांढरे कपडे धुवायला लागले म्हणून. सुमनताई माझ्या कानात म्हणाल्या, "गेला रे हॉल."

"ठरावाच्या बाजूने हात वर करण्याआधी कोणाला काही बोलायचं आहे?" परबांनी विचारलं.

तात्या उठले. "माका."

"दोन मिनिटं, तात्या. आणि विषय सोडून बोलायचं नाही."

तात्या पुढे गेले. आणि त्यांनी चपला काढल्या. मी जिग्नेशकडे बघितलं, जिग्नेशने माझ्याकडे.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही तिघंच.

"ह्या सोसायटीत जी काय लेकरां ऱ्हवतत, तेंका सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मागच्या रांगांतले म्हातारेकोतारेही सुरात आले.

"टाकीत पाणी येऊ दे, मधीच अडाकता ती लिफ्ट चलती ऱ्हवां दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सी विंगसकट सगळे!

तात्यांनी दम घेतला. डोळे मिटले. आवाज अजून एक पट्टी वर नेला.

"आणि कोणाक आवडो, नायतर नावडो, आयतवारच्या सांजेक ह्या हॉलाचा दार उघडा ऱ्हवां दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!"

या वेळी सगळ्यात मोठा आवाज दोन्ही स्पीकरमधून आला. माईक परबांच्या हातात होता.