सत्काराच्या पोस्टरखाली

तुमच्या गावच्या शाळेत कॉलेजच्या शिष्यवृत्तीची सूचना कुठे लावतात, कधी पाहिलंत? आमच्याकडे ती फलकावर होती, पण तिच्यावरच गुणवंतांच्या सत्काराचं पोस्टर चिकटवलेलं. काल दहावीतली सुमन त्याचा कोपरा नखानं उचलून खालचं वाचत होती.

"अगं, पाहुण्यांचा फोटो फाटेल!" शिपाईमामा ओरडले.

"मामा, पाहुणे येऊन गेले. शिष्यवृत्तीच्या परीक्षेचा अर्ज उद्यापर्यंतच घेतात. ही हुकली तर माझं कॉलेज राहिलंच."

मामा जवळ आले. मग त्यांनीच पोस्टर अलगद सोलून काढलं.

पोचलेल्यांच्या गळ्यात हार घालायची आपल्याला केवढी हौस! निघालेल्यांना वाट दिसते का, हे मात्र कुणी बघत नाही. आज शाळेवरून जाताना आत डोकावा. सूचना झाकली असेल, तर मोकळी करा.