ह्ये पित्त न्हाई

झरीजवळच्या आमच्या गावात मी आशा कार्यकर्ती आहे. हृदयविकाराचं प्रशिक्षण घेऊन आले, तेव्हा महादेवाच्या देवळापुढच्या मंडपात पहिली बैठक घेतली. नऊ बायका आल्या. छाती आवळल्यासारखी होणं, दरदरून घाम, हातात नाहीतर जबड्यात उतरणारी कळ, असं काही झालं तर वाट बघायची नाही, एवढंच मी परत परत सांगत होते.

समोरच्या किराणा दुकानातून मालक ओरडला, "ताई, धडधाकट मानसायला कशाला भेव घालायलाव? ह्ये शहरातल्या लोकायचे रोग हायत." ओट्यावरची माणसं हसली. मला ते लागलं. त्याची बायको खांबाजवळ बसलेली होती. ती दर बैठकीला यायची, पण कधी एक शब्द विचारायची नाही. घरकामातून सुटका म्हणून येते, असंच मला वाटायचं.

सोयाबीन काढणीच्या दिवसांत एका सकाळी साखरेचं पोतं उचलता उचलता तो दुकानदार मटकन खाली बसला. पित्त झालं म्हणाला. कुणीतरी सोड्याची बाटली फोडली. बायको आतून आली, त्याचा घामानं भिजलेला सदरा बघितला आणि बाटली बाजूला सारली.

"ह्ये पित्त न्हाई," चार माणसांदेखत ती म्हणाली. "हितंच बसा. एक पाऊल चालायचं न्हाई."

निरोप मिळून मी पोचेपर्यंत तिनं शेजाऱ्याची जीप दारात आणवली होती. १०८ च्या रुग्णवाहिकेला यायला वेळ लागणार होता. मी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी दोन-चार गोष्टी विचारून घेतल्या आणि ॲस्पिरिनची गोळी चावून खायला द्या म्हणाले. ती देऊन आम्ही परभणीच्या रस्त्याला लागलो.

जीपमध्ये त्यानं हळूच विचारलं, "ताई, मी जगन का?"

उत्तर बायकोनं दिलं. "जगताव. बोलू नका."

दवाखान्यात ईसीजी निघाला, धावपळ झाली. दुपारी डॉक्टर बाहेर आले. "वेळेत आणलंत. ओळखलं कुणी?" मी तिच्याकडं बोट केलं. तिनं वळून मागं बघितलं, दुसरं कुणी उभं आहे की काय म्हणून.

तो बरा होऊन घरी आल्यानंतरच्या बैठकीला मंडपात बसायला जागा उरली नाही. पायऱ्यांवरसुद्धा गडीमाणसं बसली होती. मी तक्ता उघडणार, एवढ्यात ती उठली. पहिली दोन वाक्यं थरथरली. मग आवाज स्थिरावला आणि तिनं सगळं सांगितलं, सदरा कसा भिजला होता तेही. बीपी मोजायला बाही वर करून पहिला तिचा नवरा बसला. त्या दिवशी बीपीचा पट्टा संध्याकाळपर्यंत माझ्या हातातून सुटला नाही. इतकी वर्षं या कामात आहे, पण एवढ्या ताठ मानेनं मी घरी कधी गेले नव्हते.

आता आजूबाजूच्या गावांत ती माझ्या स्कूटीवर मागं बसून येते. झरीला तिचं बोलणं झाल्यावर एका म्हाताऱ्यानं विचारलं, "बाई, किती शिकलीस गं?"

"चौथी," ती म्हणाली. "अजून कुनाला काय इचारायचंय?"