डाव्या बाजूला शिवण नाही

माझ्या मोठ्या जावेचं नागपूरला ऑपरेशन झालं, तेव्हा ती चाळिशीच्या आत होती आणि मी घरात नवी, लग्नाला दोन वर्षं झालेली सून. पोंभुर्ण्याकडच्या आमच्या गावात त्या रोगाचं नाव कोणी घेत नसे. सगळे ‘गाठ’ म्हणत. धानाची रोवणी चालू असताना ती गाठ तिच्या हाताला लागली होती. वाकून वाकून दुखत असेल असं समजून तिनं महिनाभर कोणाला सांगितलं नाही. मग एकदा विहिरीवर माझ्याजवळ बोलली. मी भासऱ्यांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, सांगितलं. ते तसेच उठले आणि गाडीला बैल जुंपायला गेले. त्या एका गोष्टीसाठी मला त्यांच्याबद्दल आजही आदर आहे.

डाव्या बाजूची छाती पूर्ण काढली. त्यानंतर कित्येक दिवस मशीनखाली निजवून विजेचा शेक दिला. सोबतीला मीच होते, कारण सासूबाईंना घर सोडता येत नव्हतं आणि मला वाचता येत होतं. तिथल्या नर्सबाईंनी मला समोर बसवून एकेक गोष्ट सांगितली. शेक बसलेली कातडी मिटेपर्यंत तिला तेल, साबण, हळद, लेप काही लावायचं नाही. उकळून गार केलेल्या पाण्यानं धुवायचं, पुसायचं नाही, मऊ कापडानं टिपायचं. ऊन लागू द्यायचं नाही. त्या बाजूच्या हाताला काटा, चटका, विळ्याची धार, काही लागता कामा नये. आणि रोज भिंतीवर बोटं चढवत तो हात वर न्यायचा. मी सगळं कागदावर लिहून घेतलं आणि परतीच्या गाडीत पाठही केलं.

पौषात घरी आलो. तिची कातडी तांब्याच्या रंगाची झाली होती, काखेत सोलली होती, आणि काखेपासून छातीच्या मध्यापर्यंत जाड वळ होता. बघायला शेजारणी येत आणि प्रत्येकीजवळ एकेक औषध असे. त्यांचं मी ऐकून घेत असे. पण सासूबाईंनी बिब्ब्याचं तेल काढलं. ते लावलं की गाठ पुन्हा येत नाही, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. तोवर मी त्यांच्यासमोर कधी तोंड उघडलं नव्हतं.

मी म्हटलं, ‘लावाचं असन त पहिले माह्या हातावर लावा. माही कातडी चांगली आहे, तरी फोड येईन. तिची त कच्ची आहे.’

सासूबाई तेलाची वाटी उचलून आत घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवसापासून पाणी उकळून ठेवायचं काम त्यांनीच घेतलं आणि ते कधी चुकवलं नाही.

खरी अडचण चोळीची होती. आमच्याकडच्या चोळीची गाठ पुढे बसते, ती नेमकी त्या वळावर यायची. मी मूळची आलापल्लीची. वडील तिथे जंगल खात्याच्या लाकूड डेपोत होते, आणि शेजारच्या शिंप्याकडे जंगलगार्डांच्या खाकी कपड्यांना काज करता करता मी शिवण शिकले होते. लग्नात मला मशीन मिळालं होतं. मी मोठ्या ऐटीत एक सैल चोळी शिवली. संध्याकाळी जावेनं ती उतरवली तर काखेत शिवणीची लाल रेघ उठली होती आणि एका ठिकाणी पाणी सुटलं होतं. मला फार लाज वाटली.

दोन दिवस मी कापडाकडे नुसती बघत बसले. मग भासऱ्यांचं धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतर घेतलं आणि डाव्या बाजूचा पुढचा भाग, पाठ आणि बाही एकाच तुकड्यात कापली. काखेत जोडच ठेवला नाही. शिवण आली ती फक्त खांद्यावर, तीही बाहेरून. गाठ उजव्या बगलेखाली नेली. तशी चोळी मी कुठे पाहिली नव्हती. ती घालून जाऊ दिवसभर वावरली, संध्याकाळी हात वर करून मला काख दाखवली. कातडी कोरडी होती. त्या रात्री मी पोटभर जेवले.

शिमग्यापर्यंत कातडी मिटली. मग तेलाची वेळ आली. आमच्या घरी मोहाच्या टोळीचं, म्हणजे त्याच्या बियांचं, तेल असायचंच. ते बोटावर घेऊन मी वळावर हलके हलके गोल फिरवायची, आणि ती मान फिरवून आढ्याकडे बघत बसायची. असे बरेच दिवस गेले. एका सकाळी तिनं माझा हात बाजूला केला.

‘मले पाहू दे,’ म्हणाली.

मान खाली घालून तिनं त्या वळावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट नेलं. मग म्हणाली, ‘टाके सरळ आहेत. तुह्याच्यानंही येवढे सरळ येत नाई.’

आम्ही दोघी खूप हसलो. त्या दिवसापासून तेल तीच लावू लागली.

एका अंगानं हलकं झाल्यानं चालताना तोल जातो, असंही तिनं तेव्हाच सांगितलं. मी उशीतला सावरीचा कापूस काढून मलमलीच्या पिशवीत भरला आणि ती ठेवायला चोळीला डाव्या बाजूनं आतून खिसा लावला. उन्हाळ्यात ती पिशवी टिकली नाही. चांद्याकडचं ऊन, त्यात घामोळ्या. मग घरात जाऊ ती पिशवी काढून ठेवायची आणि ओल्या फडक्यानं अंग टिपत राहायची. मोह वेचायला मात्र गेली, उजाडायच्या आत. ऊन अंगावर यायच्या आधी टोपली उजव्या कमरेवर घेऊन परत. एकीनं विचारलं की पदर असा सपाट का दिसतो, तर तिनं आवाज न चोरता सांगितलं, ‘कापली. म्हणून मी आहे.’

पावसाळा सगळ्यात कठीण गेला. काही वाळत नव्हतं, आणि ओलसर कापडानं वळाला खाज सुटायची. मी तीन पिशव्या केल्या आणि बाळंतिणीच्या घरी दुपटी वाळवतात तशा निखाऱ्यांवर टोपली पालथी घालून आळीपाळीनं वाळवल्या. हात सुजला तेव्हा बाही उसवून रुंद केली. रोवणीत ती आधी शेताच्या बांधावर, धुऱ्यावर बसून बायांना ओळ सांगायची. शेवटच्या चार दिवसांत चिखलाच्या बांधीत उतरली. पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची जुडी डाव्या हातात धरवत नव्हती, म्हणून मी तिच्या बाजूला उभी राहून पऱ्हे देत गेले आणि ती उजव्या हातानं रोवत गेली. आमची ओळ मागे पडली नाही.

पुढच्या थंडीत तेल तुपासारखं थिजायचं, ते तळहातावर चोळून पातळ करून लावायचं. त्याच थंडीत तपासणीला नागपूरला गेलो. डॉक्टरांनी कातडी दाबून पाहिली, हात वर करायला सांगितला. तो कानाला लागून सरळ वर गेला. घरी ही काळजी कोण घेतं, असं त्यांनी विचारलं, तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. मग चोळी उलटून सुलटून बघितली आणि म्हणाले, ही इथे ठेवून जाल का, दुसऱ्या बायांना दाखवता येईल.

जाऊ म्हणाली, ‘मापाशिवाय माही जाऊ शिवत नाई. त्यायले आमच्याकडं पाठवा.’

बाहेर व्हरांड्यात येईपर्यंत मी डोळे पुसत होते. ती मात्र ताठ चालत होती.

त्यानंतर ती सतरा वर्षं जगली. दोन मुलींची लग्नं केली, नातवंडं खेळवली. गाठ परत आली नाही.

आणि बाया खरंच आल्या. पहिली मुलचेऱ्याकडची होती, नवऱ्याबरोबर गाडीतून आलेली. पदर गच्च धरून ओसरीवर बसली. जावेनं तिला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि आधी स्वतःची चोळी सोडली. मी टेप घेऊन आत गेले तेव्हा दोघी खाली बसल्या होत्या, आणि जाऊ तिला टोळीचं तेल किती घ्यायचं ते बोटावर दाखवत होती.